चकलीचे क्रिप्टोकरण

फियाट-ते-क्रिप्टो चेकआउट म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या गल्ल्याची अशी व्यवस्था, जिच्यात ग्राहक कार्डाने साधे पैसे भरतो आणि दुकानदाराच्या हाती क्रिप्टो पडते. यातल्या ‘फियाट’चा मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीशी संबंध नाही, ती २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली. हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘तसे होवो’, म्हणजे आपल्याकडचे ‘तथास्तु’. सरकार कागदाला तथास्तु म्हणते आणि त्याची पाचशेची नोट होते. क्रिप्टोला असा वर देणारे सरकार नसते. तिथे भक्तच एकमेकांना तथास्तु म्हणतात.

क्रिप्टोचा मूळ उद्देश सरळ होता. २००८ साली सातोशी नाकामोटो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध आला. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बँकेसारखा तिसरा कोणी नसावा, हे त्याचे सार. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातील एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले आणि ती या चलनातली पहिली प्रसिद्ध खरेदी ठरली. पिझ्झावाल्याला मात्र त्यातले एकही नाणे मिळाले नाही. इंटरनेटवरच्या दुसऱ्याच एका माणसाने ती नाणी ठेवून घेतली आणि पिझ्झाचे पैसे नेहमीच्या पद्धतीने भरले. तिसरा माणूस पहिल्याच खरेदीला हजर होता. पुढचा सगळा इतिहास त्याच्या कुटुंबविस्ताराचा आहे.

मधल्या काळात काही दुकानांनी थेट बिटकॉइन घेऊन पाहिले. खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ने ते २०१६मध्ये सुरू केले आणि डिसेंबर २०१७मध्ये थांबवले, कारण एका व्यवहाराचे शुल्क २० डॉलरच्या घरात गेले होते. जानेवारी २०१८मध्ये मायामीत खुद्द बिटकॉइनचीच परिषद भरली. तिच्या आयोजकांनीही ऐनवेळच्या तिकिटांसाठी बिटकॉइन घेणे बंद केले. क्रिप्टो असलेला माणूस भाव वाढेल या आशेने ते खर्चत नाही आणि नसलेल्याकडे खर्चायला ते नसते, हे हळूहळू सर्वांच्या ध्यानात आले. तेव्हा ग्राहकाला कार्डच वापरू द्यावे आणि क्रिप्टोचे काय ते पडद्यामागे उरकावे, असा तोडगा निघाला.

हा तोडगा वापरणाऱ्या दुकानदारांचे तीन वर्ग पडतात. पहिला श्रद्धाळूंचा. दुसरा, ज्यांचे परदेशातले पैसे बँकांच्या वाटेवर दिवसेंदिवस रेंगाळतात त्यांचा. तिसरा, ज्यांना कार्ड कंपन्या दारात उभे करत नाहीत त्यांचा. यात जुगाराची संकेतस्थळे आणि चमत्कारी गोळ्यांचे विक्रेते येतात. माहितीपत्रके पहिल्या दोघांसाठी लिहिली जातात. समजा, न्यू जर्सीत एडिसनला एका मराठी कुटुंबाचे फराळाचे ऑनलाइन दुकान आहे आणि भाजणीच्या चकलीचा डबा २० डॉलरला आहे. या व्यवस्थेच्या मांडणीच्या पायऱ्या या डब्याच्या आधाराने पाहता येतात.

पहिली पायरी वॉलेटची, म्हणजे क्रिप्टोच्या पाकिटाची. वॉलेट तयार करताना २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून बारा शब्द मिळतात. ते कागदावर लिहून ठेवायचे असतात. कागद हरवला तर पैसे गेले आणि दुसऱ्याला सापडला तरी गेले. जगातले अत्याधुनिक चलन अशा रीतीने गोदरेजच्या कपाटात, साडीच्या घडीखाली विसावते. वॉलेटचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो आणि तो दुकानाच्या सेटिंगमध्ये चिकटवायचा असतो. लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे जुळवून समाधान मानतात. हे भामट्यांनाही ठाऊक असल्याने ते दोन्ही टोके सारखी असलेले पत्ते बनवून व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवतात. मे २०२४मध्ये एका धनिकाने सुमारे ६.८ कोटी डॉलर मोलाचे टोकन अशाच जुळ्या पत्त्यावर पाठवले. बोलाचाली होऊन चोराने बहुतेक रक्कम परत केली, हे त्यातले नवल. चुकीच्या खात्यावर गेलेल्या पैशांसाठी बँकेत निदान शाखा व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसता येते. इथे टेबल नाही.

दुसरी पायरी नाणे आणि नेटवर्क निवडण्याची. बिटकॉइनचा भाव चकली तळून होईपर्यंतही बदलतो, म्हणून दुकानदार बहुधा ‘यूएसडीसी’ निवडतात. एक यूएसडीसी म्हणजे एक डॉलर, अशी ‘सर्कल’ या कंपनीची हमी असते आणि त्या हमीपोटी कंपनी खरे डॉलर व अमेरिकी सरकारी रोखे बाळगते. बँकांपासून सुटका हवी म्हणून घेतलेल्या टोकनामागचा डॉलर अशा रीतीने बँकेत जाऊन बसतो. मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर तिच्यात अडकले होते. त्या दोन दिवसांत हा ‘स्थिर’ डॉलर एकदा ८८ सेंटच्याही खाली फिरून आला.

नेटवर्क, म्हणजे नाणी जिच्यावरून फिरतात ती ब्लॉकचेन, म्हणून बहुधा ‘पॉलिगॉन’ घेतले जाते, कारण तिथे शुल्क नगण्य आहे आणि त्याची मुळे भारतीय आहेत. तिथे एकाच नाण्याची दोन भावंडे नांदतात: यूएसडीसी आणि दुसऱ्या नेटवर्कवरून पूल ओलांडून आलेले ‘यूएसडीसी डॉट ई’. यादीत दोन्ही शेजारी दिसतात आणि क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारे सगळे एक्सचेंज दोघांचेही स्वागत करतातच असे नाही. शिवाय नाणी हलवायची तर ‘पॉल’ नावाचे आणखी एक नाणे चिमूटभर लागते. ते नसेल तर वॉलेटमध्ये ३०० डॉलर दिसतात, पण त्यातला सेंटही जागचा हलत नाही. पाचशेची नोट हातात आणि कंडक्टर म्हणतो, सुट्टे द्या. एसटीत निदान उरलेले पैसे तिकिटामागे लिहून मिळत.

तिसरी पायरी देशांच्या यादीची, म्हणजे कुठल्या देशांतली गिऱ्हाइके घ्यायची त्याची. इथे चौकटीत खूण करायची असते आणि भारतापुढच्या चौकटीशी बहुतेक दुकानदार अडखळतात. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ती मनाई रद्द केली. २०२२च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि त्यातला तोटा इतर कशातूनही वजा करू दिला नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आला. सरकारने क्रिप्टोला मान्यता दिली का, या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. कर घेतला का, यावर नाहीत. एप्रिल २०२२मध्ये ‘कॉइनबेस’ या अमेरिकी एक्सचेंजने बेंगळुरूत वाजतगाजत यूपीआयची सोय जाहीर केली. यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाने अशा कुठल्याही एक्सचेंजची आपल्याला माहिती नसल्याचे सांगितले आणि काही दिवसांतच ती सोय बंद पडली. लग्न लागल्यावर वधूपक्षाने वराला ओळखत नसल्याचे जाहीर करावे, तसा तो प्रसंग होता.

एडिसनऐवजी हेच दुकान पुण्यात असते तर आणखी एक पेच पडला असता. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच देशात यावे लागतात आणि बारा शब्दांचे पाकीट ही अधिकृत बँक नव्हे. पुण्यातल्या पुण्यात विकायचे तर जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्कच घेतले जात नाही. फुकट मिळणाऱ्या सोयीसमोर टक्केवारी मागणारी सोय मांडायला जे धैर्य लागते, ते माहितीपत्रकात मुबलक असते.

चौथी पायरी क्रिप्टो विकणारी मध्यस्थ कंपनी निवडण्याची, आणि व्यवस्थेचा प्राण इथेच आहे. ग्राहक चकलीचे पैसे भरत नसतो. तो या कंपनीकडून यूएसडीसी विकत घेतो आणि ते दुकानदाराच्या वॉलेटवर पाठवायला सांगतो. मनी लाँडरिंग रोखण्याचे नियम कंपनीला लागू असल्याने ग्राहकाची ओळख पटवावी लागते. मोरपंखी साडीतल्या एखाद्या काकू ‘पैसे भरा’ दाबतात तेव्हा पडद्यावर पासपोर्टची मागणी येते. मग चेहरा गोलात आणा, डावीकडे वळवा, उजेड कमी आहे, पुन्हा प्रयत्न करा. चष्मा काढला तर गोल दिसत नाही आणि घातला तर काचेवर ट्यूबलाइट चमकते. चकलीसाठी इतकी चौकशी त्यांच्या सासूबाईंनीही केली नसेल.

ओळख पटल्यावर शुल्क येते. कार्डावर समजा साडेचार टक्के, पण किमान चार डॉलर. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेचार डॉलर जातात, तर वीस डॉलरच्या डब्यावर चार, म्हणजे २० टक्के. म्हणून सेटिंगमध्ये ‘किमान खरेदी’चा रकाना असतो आणि जाणकार तो मोठा ठेवायला सांगतात; चकली घ्यायची तर सोबत चिवडा, शंकरपाळे आणि अनारसे घ्यावेच लागतात. शुल्क ग्राहकाने सोसायचे की दुकानदाराने, याचाही रकाना असतो. आणखी एक गंमत महिनाअखेरीस कळते. अनेक बँका अशी खरेदी रोख रक्कम उचलल्यात जमा धरतात आणि वेगळा आकार व पहिल्या दिवसापासूनचे व्याज लावतात. कार्डाच्या हिशेबात चकलीचे नाव नसते, क्रिप्टोचे असते. काका चष्मा लावून तो हिशेब वाचतात आणि पुढचा संवाद या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे.

पाचवी पायरी निरोपाची. पैसे आले की मध्यस्थाच्या यंत्रणेने दुकानाच्या यंत्रणेला तसे कळवायचे असते. हा निरोप दुकानाच्या सुरक्षाभिंतीने अडवला, तर पैसे वॉलेटमध्ये आणि ऑर्डर ‘प्रलंबित’मध्ये राहते. भिंत सैल ठेवली तर निरोप खोटाही असू शकतो, म्हणून त्यावरची गुप्त सही तपासावी लागते. पैसे भरल्याचे बनावट स्क्रीनशॉट दाखवणारी गिऱ्हाइके पाहिलेल्या भाजीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. तो खोक्यातून पैसे मिळाल्याचा आवाज आल्याशिवाय जुडी सोडत नाही. याच पायरीवर तफावतीची मर्यादा ठरते. वीस डॉलरऐवजी १९ डॉलर ३७ सेंट पोचले तर ऑर्डर पूर्ण मानायची का? मर्यादा शून्य ठेवल्यास ६३ सेंटपायी डबा अडतो. सैल ठेवल्यास सेंटा-सेंटाने तूप गळते.

सहावी पायरी परताव्याची, आणि माहितीपत्रकात तिला लाभ म्हणून पहिल्या पानावर जागा असते. नेहमीच्या कार्डव्यवहारात ग्राहक अनेकदा १२० दिवसांपर्यंत तक्रार करून पैसे उलटे फिरवू शकतो; ब्लॉकचेनवर उलटे काही फिरत नाही. चकल्यांचा चुरा पोचला आणि काकूंनी बँकेकडे तक्रार केली, तर मध्यस्थ कंपनी नोंद दाखवते: ग्राहकाने यूएसडीसी घेतले, सांगितलेल्या पत्त्यावर ते अखंड पोचले, टोकनाचा चुरा झालेला नाही. दुकानदार भला असेल तर तो परतावा देऊ इच्छितो. पण काकूंकडे कार्ड आहे, वॉलेट नाही. त्यासाठी त्यांनी आधी बारा शब्द लिहून घ्यायचे असतात.

सातवी पायरी पैसे माणसांत आणण्याची. बेसनाचा व्यापारी, घरमालक आणि वीज कंपनी यूएसडीसी घेत नाहीत. म्हणून ते एक्सचेंजवर पाठवून विकायचे, तिथे दुकानदाराने स्वतःचा चेहरा गोलात आणायचा आणि मग डॉलर बँकेत उतरवायचे. आता वाटेतल्या ‘तिसऱ्यां’ची मोजणी करता येते. ग्राहकाची बँक, कार्ड कंपनी, मध्यस्थाची बँक, मध्यस्थ, ओळख पटवणारी कंपनी, दुकानाच्या संकेतस्थळाला हे सगळे जोडणारा प्लगइनवाला, नाणे काढणारी सर्कल, तिचे डॉलर ठेवणारी बँक, नेटवर्क, एक्सचेंज आणि शेवटी दुकानदाराची बँक, असे अकरा झाले. बारावा त्याचा सीए. काकूंच्या बँकेतला डॉलर दुकानदाराच्या बँकेत जाण्यासाठी एवढा फिरला. मराठीत या व्यवस्थेला फार पूर्वीपासून शब्द आहे: द्राविडी प्राणायाम.

शेवटची पायरी चाचणीची. पूर्वी पॉलिगॉनवर त्यासाठी खोट्या पैशांचे एक सराव-नेटवर्क होते आणि त्याचे नाव ‘मुंबई’ होते. २०२४मध्ये ते बंद झाले. त्याच्या जागी ‘अमॉय’ आले. पण सरावात कार्ड, चेहरा आणि शुल्क यांची खरी परीक्षा होत नाही, म्हणून दुकानदाराने एकदा स्वतःच्या दुकानातून स्वतःच खरेदी करावी, असा प्रघात आहे. त्यानुसार तो रात्री अकरा वाजता मुद्दाम किमान खरेदीची अट उतरवून स्वतःच्याच कार्डाने वीस डॉलरचा डबा मागवतो. पासपोर्ट दाखवतो, मान डावीकडे-उजवीकडे वळवतो, चार डॉलर शुल्क कबूल करतो. काही मिनिटांत वॉलेटमध्ये सोळा यूएसडीसी येतात. व्यवस्था चालते, याची खात्री पटते. मग तो स्वयंपाकघरात जातो, विकायच्या डब्यातली एक चकली काढतो आणि खातो. ऑर्डर प्रलंबितच असते.