खोली विका, वाट नको

मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर स्वेती स्तेफान नावाचं एवढंसं बेट आहे. दगडी घरं, लाल कौलं, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या आणि बेटाला जमिनीशी जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी. पंधराव्या शतकात पाश्त्रोविची कुळातल्या लोकांनी हल्ल्यांपासून बचावासाठी इथे तटबंदीचं गाव वसवलं. १९५० च्या दशकात युगोस्लाव्ह सरकारने उरलीसुरली कुटुंबं समोरच्या किनाऱ्यावर हलवली आणि अख्ख्या गावाचं हॉटेल केलं. सोफिया लॉरेन, एलिझाबेथ टेलर तिथे राहून गेल्या. २००७ मध्ये बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेलं आणि सोबत लगतचे किनारेही गेले. ज्या वाळूत समोरच्या गावातली पोरं पोहायला शिकली, तिथे त्यांना अडवायला पहारेकरी उभे राहिले. लोकांनी ते मुकाट सोसलं नाही. वाद इतका पेटला की २०२१ च्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलंच नाही.

आलिशान हॉटेलांवर माझा राग नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने एका रात्रीचे लाख रुपये मोजावेत, बाथटबमध्ये पडून समुद्र बघावा. माझा प्रश्न एकच आहे. खोलीचं भाडं घेताना वाटही विकली का?

गोव्यात या प्रश्नाचं उत्तर न्यायालयात लिहिलं गेलं. दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या पंचतारांकित हॉटेलासाठी सरकारने १९८० च्या सुमारास जमीन संपादित केली. सरकार आणि कंपनी यांच्यातल्या करारात अट होती की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवायची नाही. पुढे हॉटेल वाढलं आणि वाट आक्रसली. काही नागरिक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: किनारा ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे, वाट मोकळी ठेवा आणि वाढीव बांधकाम पाडा. सामान्य माणसाच्या बाजूने इतका स्पष्ट निकाल क्वचितच लागतो.

मग सरकारने काय केलं? त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवलं. २०१६ मध्ये ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात वैधही ठरली. विश्वस्त म्हणून ज्याला उभं केलं, तोच हॉटेलवाल्याच्या बाजूने धावला. मला यातलं हेच सर्वात जास्त टोचतं. कंपनी नफा बघणार, तो तिचा धंदाच आहे. पण सरकारने कोणाचं बघायचं?

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचं धोरण बाहेर आलं आणि गदारोळ उडाला. शिवरायांशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला घाईघाईने करावा लागला. तो संताप रास्त होता. तटबंदीवर लग्नाचा डीजे लावायला किल्ले बांधले नाहीत. पण संतापून आपण घरी गेलो आणि किल्ले होते तसेच ढासळत राहिले, हेही खरं आहे. दुय्यम म्हणून दुर्लक्षिलेल्या एखाद्या गडावर जाऊन बघा. तटाच्या सांध्यात पिंपळाचं रोप येतं. पहिल्या पावसाळ्यात नुसती फट दिसते, पुढे मूळ जाड होतं आणि घडीव दगड जागचा सरकतो. वरून फांद्या छाटून काही होत नाही, मूळ आतपर्यंत मारावं लागतं, मग चुन्याने दरजा भराव्या लागतात. हे काम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात, आणि त्यांची मजुरी घोषणांतून निघत नाही.

म्हणून ऐतिहासिक वास्तूत हॉटेल म्हटलं की मी लगेच नाही म्हणत नाही. स्पेनने १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात पहिलं ‘पारादोर’ उघडलं. आज त्या देशात अशी नव्वदहून अधिक हॉटेलं सरकारी मालकीची कंपनी चालवते, त्यांतली बरीच जुन्या किल्ल्यांत, मठांत, राजवाड्यांत आहेत. ग्रानादात तर अलहाम्ब्राच्या आवारातला जुना मठ हॉटेल झाला आहे. सान्तियागोच्या कॅथेड्रलसमोर पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजाराणीने यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधायचा हुकूम दिला होता, १९५४ पासून ती वास्तू हॉटेल आहे. शेकडो किलोमीटर चालून आलेल्या मोजक्या यात्रेकरूंना रोज फुकट जेवण द्यायची प्रथाही तिथे पाळली गेली. श्रीमंत पाहुणा खोलीचे पैसे देतो, वास्तू मात्र देशाचीच राहते. असं असेल तर माझी ना नाही.

आपल्या सीमेवरचा तेरेखोलचा किल्लाही असाच हॉटेल झाला. सावंतवाडीकरांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पोर्तुगीज बंदुकांची पर्वा न करता त्याच्यावर तिरंगा फडकवला. अशा जागी शाळेच्या सहलीतल्या पोरांना तटावर उभं राहून ही गोष्ट ऐकता आली पाहिजे, तीही कॉफीचं बिल न भरता. हा हक्क आहे, हॉटेलची मेहेरबानी नव्हे.

आणि तेरेखोल खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूला शिरोडा आहे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात इथल्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. त्याच शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली, आणि त्या जमिनीवरून गावकऱ्यांचा झगडा वर्षानुवर्षं चालला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पोरं मुंबई-गोव्याला जायची थांबली नाहीत. रोजगार हवाच. त्यासाठी हॉटेल येत असेल तर येऊ दे. पण सरकारने आधी करार मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. रापणकार होडी कुठून ओढणार, जाळी कुठे वाळत घालणार, गावची वाट कोणत्या सर्व्हे नंबरातून किती फूट रुंद जाणार, हे नकाशासह त्यात असावं. वाटेच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर दिसेल असा फलक असावा. आणि गेटवरच्या माणसाने ती वाट अडवली तर कंपनीला दर दिवसाचा दंड किती आणि तो ग्रामपंचायतीकडे कसा जमा होणार, ते त्याच कागदावर आकड्यांत लिहिलेलं असावं.