येथे मूल्य काढून मिळेल

पूर्वी मराठी घरात एक क्रिकेटतज्ज्ञ आणि एक नाट्यसमीक्षक हमखास सापडे. दोघांनाही आपापल्या क्षेत्रात प्रत्यक्ष काही करून दाखवायची गरज नसे. आता त्यांच्या जोडीला तिसरा आला आहे, शेअरचं मूल्य ओळखणारा. डीमॅट खातं उघडायला दहा मिनिटं लागतात आणि अकराव्या मिनिटाला हा गृहस्थ ‘अमुक कंपनी फार अंडरव्हॅल्यूड आहे’ असं बोलू लागतो. कंपनी काय बनवते, हे त्याला विचारू नये. ते किरकोळ तपशील झाले.

बेंजामिन ग्रॅहम नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९३४ आणि १९४९ साली दोन पुस्तकं लिहून या विषयाची घडी बसवली. धंद्याची किंमत आपण स्वतंत्रपणे काढावी, मग बाजारातला भाव बघावा आणि भाव पुष्कळ खाली असेल तरच खिशात हात घालावा, असं त्याचं सांगणं. त्यात एकच दोष होता : कष्ट करावे लागत. आपल्या मंडळींनी तो दोष काढून टाकला आहे. त्यांच्या सुधारित पद्धती लोकहितार्थ इथे देतो.

पहिली पद्धत रुपयांची. भाव दहाच्या आत असेल तर शेअर स्वस्त, हजाराच्या वर असेल तर महाग. आमच्या सोसायटीचे खजिनदार या संप्रदायाचे. ‘अहो, सात रुपयांत आजकाल काय येतं? अर्धा वडापाव येत नाही. इथे टेलिफोन कंपनी मिळतेय!’ असं म्हणून त्यांनी व्होडाफोन आयडियाचे शेअर घेतले. एमआरएफवर मात्र त्यांचा राग. तो शेअर १३ जून २०२३ रोजी लाखाच्या वर गेला, तेव्हापासून ते त्या कंपनीचा टायरसुद्धा घेत नाहीत. म्हणतात, महाग कंपनी आहे.

मी त्यांना कागदावर गुणाकार करून दाखवला. एमआरएफचे एकूण शेअर सुमारे ४२ लाख. व्होडाफोन आयडियाचे, सरकारने २०२५ मध्ये थकबाकीच्या बदल्यात घेतलेले धरून, दहा हजार कोटींच्याही वर. सात रुपयांनी गुणलं तर सबंध टेलिफोन कंपनीची किंमत ७५ हजार कोटींच्या घरात जाते. एमआरएफचा भाव दीड लाख धरला तरी सबंध टायर कंपनी ६४ हजार कोटींच्या आतच येते. शिवाय टायरवाला नफा कमावतो आणि टेलिफोनवाल्याने २०१८च्या विलीनीकरणानंतर वर्षामागून वर्ष तोटाच दाखवला. म्हणजे स्वस्त कोण आणि महाग कोण? खजिनदारांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, ‘पण मला सबंध कंपनी कुठे घ्यायचीय?’ या युक्तिवादाला ग्रॅहमकडेही उत्तर नव्हतं.

दुसरी पद्धत पडझडीची. शेअर किती उंचावरून पडला, त्यावर तो किती स्वस्त हे ठरतं. रिलायन्स पॉवरचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ४५० रुपयांना विक्रीला आला तेव्हा देशभर रांगा लागल्या. ११ फेब्रुवारीला तो बाजारात नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांवर बंद झाला. ज्यांना अर्जात शेअर मिळाले नव्हते, त्यांना ही दैवी कृपा वाटली. साडेचारशेचा माल पावणेचारशेत! मग तो दोनशेवर आला तेव्हा आणखी स्वस्त झाला, शंभरवर आला तेव्हा फारच स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली होता. या पद्धतीचा विशेष असा, की शेअर जितका पडतो तितका तिच्या अनुयायांचा विश्वास वाढतो. नव्वद टक्के पडलेला शेअर म्हणजे ऐंशी टक्के पडून झाल्यावर कुणीतरी ‘आता तळ आला’ म्हणून घेतलेला आणि तिथून पुन्हा निम्मा झालेला शेअर, हे साधं गणित त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

तिसरी पद्धत सवलतीची. मे २०२२ मध्ये एलआयसीचा शेअर ९४९ रुपयांना आला. किरकोळ गुंतवणूकदारांना ४५ रुपये सूट, पॉलिसीधारकांना ६०. इतकी वर्षं हप्ते भरले त्याचं चीज झालं, अशी भावना घरोघर पसरली. पॉलिसी काढून देणाऱ्या मेहुण्याला लोक पहिल्यांदाच स्वतःहून फोन करू लागले. मूळ ९४९ हा आकडा बरोबर आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. सूट आहे म्हणजे माल चांगलाच असणार, हे आपण दरवर्षी सेलमध्ये शिकतो. १७ मेला शेअर बाजारात आला आणि ८७५ रुपयांवर बंद झाला. साठ रुपयांची सूट मिळवलेले पॉलिसीधारकही चौदा रुपये तोट्यात. ‘पण इतरांपेक्षा कमी गेले ना?’ असं म्हणून त्यांनी समाधान मानलं.

चौथी पद्धत शिकलेल्यांची. भावाला शेअरमागच्या नफ्याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे पी/ई. तो कमी असेल तर शेअर स्वस्त. एकच भागाकार असल्यामुळे ही पद्धत दूरचित्रवाणीवर विशेष लोकप्रिय आहे. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव गगनाला भिडले, टाटा स्टीलचा एकत्रित नफा ४१ हजार कोटींच्या वर गेला आणि पी/ई चारच्या आसपास आला. देशातली नामांकित कंपनी आणि चार वर्षांच्या नफ्यात भांडवल वसूल! पुढच्याच वर्षी नफा आठ हजार कोटींच्या आसपास उतरला. पोलाद, साखर, सिमेंट असल्या धंद्यांत नफा शिखरावर असतो तेव्हाच पी/ई सगळ्यात कमी दिसतो आणि नफा आटला की तोच आकडा फुगतो. म्हणजे जेव्हा तो ‘स्वस्त’ म्हणतो तेव्हा सावध व्हावं आणि ‘महाग’ म्हणतो तेव्हा निदान बघायला तरी जावं. पण भागाकार येणं वेगळं आणि भाजक उद्या टिकेल का हे कळणं वेगळं.

पाचवी पद्धत मात्र फक्त संगणकवाल्यांची. कंपनी पुढे कमावील ती सगळी रोकड आजच्या किमतीत आणायची आणि बेरीज मारायची. तत्त्व चोख आहे. गंमत ते वापरणाऱ्यांत आहे. समजा, पुढच्या वर्षी शेअरमागे दहा रुपये मोकळी रोकड उरेल, आपल्याला वर्षाला बारा टक्के परतावा हवा आणि रोकड दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत राहील. सूत्राने मूल्य येतं १४३ रुपये. बाजारात भाव २४०. हे काही बरोबर दिसत नाही! शेअर तर आपल्याला आवडलाय. मग पाचाच्या जागी आठ टक्के लिहायचे. मूल्य २५० होतं. दहा लिहिले तर ५००. कंपनीच्या कारखान्यात काडी हलली नाही, फक्त एका चौकोनातला आकडा बदलला आणि शेअर ‘निम्म्या किमतीत’ मिळू लागला. मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवायला देतात, त्यातलाच हा प्रकार. छत्तीसपैकी किती गुण यायला हवेत हे गुरुजींना आधी कळवलेलं असतं. सूत्रात ती वाढ अनंत काळ चालते. तिसऱ्या पिढीतले चुलतभाऊ वाटणीसाठी कोर्टात जाणार आहेत का, असा रकाना एक्सेलमध्ये नसतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे खरोखर स्वस्त शेअर जगात नसतातच का? असतात. आपल्या मुंबईतच होता. एलसिड इन्व्हेस्टमेंट्स नावाची कंपनी. तिच्या पेटीत एशियन पेंट्सचे शेअर, तिचे प्रवर्तक एशियन पेंट्सच्या प्रवर्तकांपैकीच. एलसिडचे एकूण शेअर फक्त दोन लाख आणि त्यातले दीड लाख प्रवर्तकांकडे. एका शेअरमागची मालमत्ता पाच लाख ८५ हजार रुपयांच्या घरात. आणि बाजारातला भाव? ३ रुपये ५३ पैसे. त्या भावाने सबंध कंपनी सात लाखांत येत होती, म्हणजे एका लहान मोटारीच्या किमतीत. वर २०२३-२४ साठी तिने शेअरमागे २५ रुपये लाभांश दिला. साडेतीन रुपये लावा आणि वर्षाला पंचवीस घ्या. ग्रॅहमचे डोळे भरून आले असते.

तरी कुणी घेतला का नाही? कारण कुणी विकतच नव्हतं. ज्याच्याकडे होता तो खुळा नव्हता आणि नियमांच्या चौकटीत एका दिवसात भाव थोडाच हलू शकत होता. साडेतीनचे पावणेचार होतील म्हणून लाखांचा ऐवज सोडणार कोण? शेवटी जून २०२४ मध्ये सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी बिनमर्यादेचा खास लिलाव ठेवायला सांगितलं. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात लिलाव झाला आणि साडेतीन रुपयांचा शेअर दोन लाख पंचवीस हजारांवर उघडून दोन लाख ३६ हजार २५० वर बंद झाला. एमआरएफचा सिंहासनभंग झाला.

दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच हिशेब फिरू लागला : एक लाख लावले असते तर ६७० कोटी झाले असते! गुणाकार अचूक आहे. फक्त एक लाखात २८ हजारांहून जास्त शेअर आले असते आणि प्रवर्तकांबाहेर सगळ्यांचे मिळून होते पन्नास हजार. म्हणजे निम्म्याहून अधिक बाहेरच्या भागधारकांनी आपल्या खजिनदारांना बोलावून ‘घ्या हो, साडेतीनलाच घ्या’ म्हणायला हवं होतं. ‘असते’ या क्रियापदावर सर्वाधिक परतावा मिळतो आणि त्यावर अजून करही नाही.

खरी मौज पुढेच आहे. देशातला सगळ्यात महाग झालेला हा शेअर पुस्तकी मूल्याच्या चाळीस टक्क्यांवरच होता. म्हणजे अजूनही ‘अंडरव्हॅल्यूड’! या शोधाने भारावून लोक तुटून पडले, भाव तीन लाखांच्या वर गेला आणि मग पुष्कळ खाली आला. पेटीतला ऐवज पाच लाखांचा असला तरी पेटीची किल्ली प्रवर्तकांकडे आहे. ते एशियन पेंट्सचे शेअर विकून पैसे वाटायला बसलेले नाहीत. बाहेरच्या भागधारकाने पेटीकडे अभिमानाने पाहायचं.

हे सगळं कळल्यावर पद्धतवाले शेवटचं शस्त्र काढतात : ‘आम्ही लाँग टर्मवाले आहोत.’ हे वाक्य खरेदीच्या वेळी क्वचित ऐकू येतं. भाव वीस टक्के पडला की ते सुचतं. चाळीस टक्क्यांवर ती श्रद्धा होते. सत्तर टक्क्यांनंतर डीमॅटचं ॲप उघडणंच बंद होतं आणि माणूस वॉरन बफे यांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

दीर्घ म्हणजे किती, यावर मात्र एकमत नाही. आयकर खात्याच्या लेखी नोंदणीकृत शेअर बारा महिन्यांहून एक दिवस जास्त ठेवला की तो दीर्घ मुदतीचा होतो आणि सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर लागतो. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती उंची त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. तिशीत गुंतवणूक केलेल्या जपानी माणसाला आपली दीर्घदृष्टी चौसष्टाव्या वर्षी सिद्ध करता आली. आपल्याकडे येस बँकेच्या भागधारकांना एवढा विचारही करावा लागला नाही. मार्च २०२० च्या पुनर्रचनेत शंभरहून जास्त शेअर असलेल्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं विकायला बंदी घातली गेली. लोकांना दीर्घकालीन गुंतवणूकदार व्हायचा उपदेश बरेच जण करतात. तो राजपत्रात छापून अमलात आणण्याचं भाग्य फक्त सरकारचं.

भागधारकांच्या वार्षिक सभा करोनापूर्वी मुंबईतल्या सभागृहांत भरत, तेव्हा निदान एका गोष्टीचं मूल्यमापन काटेकोर होई. खाण्याच्या पाकिटात गेल्या वर्षी दोन पदार्थ होते आणि यंदा एकच का, यावर अध्यक्षांना भर सभेत जाब विचारला जाई. आता सभा पडद्यावर होतात आणि पाकिटाऐवजी वार्षिक अहवाल ईमेलने येतो. त्यात कर्ज किती वाढलं, नफा दाखवला तेवढी रोकड खरंच आली का, मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला पैसे कशासाठी गेले, हे सगळं असतं. प्रवर्तकांनी आपले शेअर किती गहाण टाकलेत, ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतं. यांतल्या कशालाच पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्याला किंमत नाही. पाच पद्धती शिकवणारा वर्ग मात्र फी भरून हाउसफुल्ल असतो.

खजिनदारांना मी त्यांच्याच एका कंपनीचा अहवाल उघडून दाखवला. वीस वर्षं ठेवायचाय ना शेअर, मग दोन संध्याकाळी काढून वाचा, म्हटलं. त्यांनी पानं मोजली. चारशेच्या वर भरली.

‘अहो, एवढं वाचून होईपर्यंत,’ ते घाईने म्हणाले, ‘शेअर महाग होईल!’