परवानाधारक

महाबळेश्वरच्या पावसाळ्यात घरातल्या प्रत्येक वस्तूला बुरशी चढते. चपलांना, पापडांना, पोरांच्या दप्तरांना. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोतल्या फेट्यालासुद्धा चढलेली मी पाहिली आहे. आमच्या आबांच्या घरात लाकडी कपाटं दोन. एकात काकूंच्या साड्या, त्यांच्या वाट्याला डांबरगोळ्या. दुसऱ्यात बंदूक, तिच्या वाट्याला जूनपासून दसऱ्यापर्यंत रात्रंदिवस पेटता बल्ब. "माझ्या शालूला लावा की एखादा दिवा," काकू म्हणतात. आबा शांतपणे विचारतात, "शालूला लायसन असतंय का?"

तापोळ्याच्या रस्त्याला आमची वाडी. असा एक माणूस तुमच्याही गावात असणारच. वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी, शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि स्वतःची ओळख करून देताना नावाच्या आधी येणारा शब्द: "मी परवानाधारक." मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही आबांनी हे पोहे यायच्या आधी सांगितलं होतं. पाहुणे जरा सरसावून बसले. सोयरीक मात्र जमली. त्यात बंदुकीचा वाटा किती, हे जावयाला विचारायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

आता ही बंदूक करते काय? खरं सांगायचं तर काही नाही. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात रात्री गवे शिरतात. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे त्याच्याकडे नळी करायचीसुद्धा सोय नाही. मग आबा हवेत बार काढतात. गवा मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली घालतो. शेवटी काकू पत्र्याचा डबा बडवत येतात, तेव्हा कुठं तो निघतो. सकाळी आबा रिकामं काडतूस फडक्यात गुंडाळून ठेवतात, कारण हिशेब द्यावा लागतो. वहीत नोंद होते: तारीख, वेळ, कारण, "गवा (एक)". पूर्वी लग्नात, जत्रेत आबांना मानानं बोलावून बार काढायला लावायचे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी सोय झाली. तेव्हापासून आबा वरातीत नुसते मिशीवर हात ठेवून चालतात.

त्याच दुरुस्तीनं आणखी दोन घाव घातले. एका माणसाकडे तीन हत्यारं चालायची, त्याची दोन केली. आबांकडे एकच आहे, तिसरी घ्यायची ऐपत नाही आणि दुसरी ठेवायला बल्ब नाही. पण "सरकारनं माझी एक बंदूक काढून घेतली" हे ते चारचौघांत पोटतिडकीनं सांगतात. दुसरा घाव जास्त वर्मी बसला. नूतनीकरण तीन वर्षांनी होतं, ते पाच वर्षांवर गेलं. दर तीन वर्षांनी इस्त्रीचं धोतर नेसून साताऱ्याला जाणं, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर आपल्यासारख्याच चार परवानाधारकांत बसणं, येताना कंदी पेढे आणणं. माणसाला सण तरी किती असतात!

आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. 2024 साली आधी लोकसभा, मग विधानसभा. "माहेरी गेली तुमची," काकू म्हणायच्या. आबा पावती पाकिटात ठेवून हिंडायचे आणि बंदूक परत आली की तासभर उन्हात धरून बघायचे, कुणी ओरखडा तर काढला नाही ना.

एवढ्यावर थांबते तर आबा म्हणजे एक निरुपद्रवी हौस. पण जगात कुठेही कुणी माथेफिरूनं माणसं मारली, की दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या चहाच्या हॉटेलात आबा वकीलपत्र घेऊन हजर. समोर निवृत्त गुरुजी, हातात पेपर. "आरं, बंदूक काय हून उडती व्हय? विषय हत्याराचा न्हाई, विषय हाताचा हाय." हे झालं नमन. मग प्रतापगड. अफजलखान भेटीला आला तेव्हा महाराजांनी वाघनखांचं लायसन कुणाकडं मागितलं होतं? 2024 च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा आबा ती बघून आले आणि या मुद्द्याला नवी धार चढली. मग 1878 चा लॉर्ड लिटनचा कायदा: गोऱ्यांनी आपल्याला निःशस्त्र केलं. मग 1931 ची कराची काँग्रेस: मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क होता, घटनेत का नाही आला? "नियमांना अधीन राहून, असंही होतं त्यात," गुरुजी पेपरामागून म्हणतात. "ते असायचंच की!" आबा गरजतात. मग कोडगू. तिथल्या कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट. त्यांनी कुठं एकमेकांना मारलं? यावर माझं मत असं, की ज्याला परवान्याचा एवढा अभिमान त्यानं सूट मिळालेल्यांचा हेवा करू नये. पण मला कोण विचारतो.

हुकमाचा एक्का शेवटी. "पुण्यात संतोष माने. 25 जानेवारी 2012. स्वारगेटवरनं एसटी काढली न् नऊ माणसं मारली. काढा एसटी मोडीत!" पहिल्यांदा हा पडला तेव्हा हॉटेल गप्प झालं. गुरुजींनी चष्मा पुसला. "आबा, त्याच्याकडं एसटी चालवायचा परवाना होता. म्हणजे परवानाधारकच की." तेव्हापासून आबा हा एक्का गुरुजी नसताना काढतात.

एकदाच ते नमनसुद्धा न करता उठून गेले. 31 जुलै 2023. जयपूर-मुंबई गाडीत, पालघरजवळ, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं सरकारी रायफलीनं आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना मारलं होतं. शिकवलेला हात, नोंदीतलं हत्यार. आबांचा चहा तसाच राहिला. याउलट पुढच्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आमदारानं गोळ्या झाडल्याची बातमी आली, तेव्हा आबांना राग आला तो भलताच. "ठाण्यात हत्यार न्यायचं ते जमा करायला! पावती न घेता आत गेलाच कसा?"

आबांची मुलगी टेक्सासमध्ये असते. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या युवाल्डी गावातल्या शाळेत एका पोराच्या गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला. आबा तयारीत होते, पण नात मध्येच म्हणाली, "आबा, आम्ही शाळेत लपायची प्रॅक्टिस करतो. दिवे बंद, बोलायचं नाही, शिंक आली तर नाक दाबायचं." आबा प्रतापगड विसरले. थोड्या वेळानं जावयाला म्हणाले, "त्या पोराला परवाना दिला कुणी? कलेक्टरनं?"

"परवाना लागत नाही, बाबा. अठरा पुरे झाले होते. त्याच आठवड्यात दुकानातून दोन रायफली घेतल्या."

"अठरा? आपल्याकडं एकवीस पुरे लागत्यात. कलम नऊ. बरं, पोलीस पडताळणी?"

"दुकानदार कॉम्प्युटरवर बघतो, गुन्हा आहे का ते."

"शेजाऱ्याचा जबाब?"

"नाही."

"वर्षाच्या काडतुसांचा आकडा?"

"नाही, बाबा."

आबांनी फोन काकूंकडे दिला. हॉटेलात दुसऱ्या दिवशी ते गुरुजींच्या बाकावर जाऊन बसले. "गुरुजी, त्या लोकांनी हक्काचं पार वाटोळं केलंय. पडताळणी न्हाई, जबाब न्हाई! हे काय राज्य हाय?" गुरुजींनी त्या दिवशी आबांच्या चहाचे पैसे दिले, आणि त्यांच्याकडून ही घटना तशी दुर्मिळ.

गेल्या वर्षी वाडीतल्या एका तरुणानं परवान्यासाठी अर्ज केला. स्ट्रॉबेरी त्याचीही, गवेही तेच. अर्ज लिहायला त्यानं आबांचीच मदत घेतली होती. शस्त्रांचा हक्क म्हणजे काय हे तो त्यांच्याच मांडीला मांडी लावून शिकला होता. यथावकाश हवालदार चौकशीला आले आणि शेजारी म्हणून आबांचा जबाब घेऊन गेले. जबाब चांगला दीड पान झाला. मुलगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, घराणं चांगलं आहे, वर्तणुकीबद्दल तक्रार नाही. आणि शेवटची ओळ: "तथापि सदर वाडीत एक परवानाधारक आधीच असल्याने दुसऱ्याची निकड दिसून येत नाही."

पोरगं तणतणत आलं. "आबा, आणि हक्काचं काय?"

"हाय की हक्क," आबा नळीतनं तेलाचं फडकं ओढत म्हणाले. "पर एका वाडीत दोन बार झालं तर गव्यानं बघायचं कुणाकडं?"