ग्रिपकाका

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगच्या जिन्यात शनिवारी संध्याकाळी बामाचा वास दरवळला, की नवा भाडेकरू हमखास विचारतो, "वर कुणाची कंबर धरलीय का?" जुने रहिवासी मान न वळवता सांगतात, "कंबर नाही, टायर. काका चोळतायत."

काका म्हणजे ग्रिपकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वाचतो. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला हयात घालवून ते निवृत्त झाले, तेव्हा मुलानं त्यांना रिमोटवरची गाडी आणून दिली. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दीड किलोच्या आतबाहेर वजनाची. शौकीन मंडळी तिला 'आरसी' म्हणतात. दिवसभर फोनवर "आरसी, आरसी" ऐकून काकूंना आधी वाटलं, यांनी स्कूटरची कागदपत्रं हरवली. बाबांचा वेळ जावा एवढाच मुलाचा हेतू. वेळ गेला. त्याच्यामागून गॅलरी गेली, काकूंचा हेअर ड्रायर गेला आणि फ्रिजमधला अंड्यांचा कप्पाही गेला, कारण टायर रिमला चिकटवायचा गोंद म्हणे गारव्यात टिकतो.

निवृत्तीनंतर माणसं अध्यात्माकडे वळतात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणाकडे. काका घर्षणाकडे वळले.

"वेगाचं काय घेऊन बसलात," ते म्हणतात. "मोठी मोटर घातली की झालं. पण ती ताकद जमिनीला पोचवणार कोण? टायर! आणि एकेक टायर जमिनीला टेकतो किती? टपालाच्या तिकिटाएवढा." त्या तिकिटाएवढ्या जागेवर काकांचं उरलेलं आयुष्य उभं आहे. एकनाथ रंगमंदिरापासून पीर बाजाराकडे फिरायला निघाले की मध्येच उकिडवे बसतात आणि डांबरावर तळवा फिरवतात. येणारेजाणारे थांबून विचारतात, "काय पडलं का, काका?"

शासकीय तंत्रनिकेतनची दोनचार पोरं त्यांची शिष्य झाली आहेत. त्यांतल्या एकानं विचारलं, "काका, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं पुस्तकात आहे ना?" काका हसले. "पुस्तकातला ठोकळा लाकडाचा असतो, बाळा. रबर लबाड. ते फरशीच्या बारीक खाचांत शिरून बसतं. मऊ असेल, जरा कोमट असेल, तर आणखी घट्ट धरतं. म्हणून आधी कंपाउंड ठरवायचं." नेमके तेवढ्यात सेक्रेटरी जिन्यातून उतरत होते. ते म्हणाले, "कंपाउंडला हात लावायचा असेल तर आधी मीटिंग बोलवावी लागेल."

नवा टायर साच्यातून चकचकीत निघतो, आणि चकाकतं ते धरत नाही, हा काकांचा सिद्धांत. म्हणून आधी पॉलिश पेपरनं त्याचं तेज उतरवायचं. मग ते औषध चोळायचं, ज्यानं रबर मऊ पडतं. त्यात विंटरग्रीनचं तेल असतं, आणि तेच कंबरदुखीच्या बामातही असतं. चोळून झालं की पुसायचं, ड्रायरनं ऊब द्यायची आणि नातवाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून ठेवायचं. नातू पुण्याला असतो. दुपटं इथे कामाला आलं.

काकू कुरकुरल्या की काका चार्ल्स गुडइयरचा दाखला देतात. "१८३९ साली त्यानं रबर आणि गंधक शेगडीवर तापवलं, म्हणून आज जग टायरवर चालतंय. आपल्या वाळूजच्या टायर कारखान्यालाही त्याचंच नाव आहे."

"तो १८६० साली कर्जात मेला, तेही सांगा," काकू म्हणतात. "आणि ती शेगडी कुणाची होती, तेही."

बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिली शर्यत ठरली तेव्हा धूळ आडवी आली. मातीच्या ट्रॅकवर शर्यतीआधी पाणी शिंपडतात, म्हणजे माती बसते आणि टायर धरतो. काका नळी घेऊन उतरले. आता, ज्या शहरात जायकवाडी भरलं तरी नळाला पाणी आठवड्याच्या वायद्यानं येतं, तिथे मातीला पाणी पाजणं म्हणजे काय, हे तिन्ही मजल्यांवरच्या बायकांनी त्यांना एकाच वेळी समजावलं. नळी परत वर गेली. दोन दिवस काकांनी तांदळाच्या धुवणावर भागवलं.

मग पार्किंगमधली शहाबादी फरशी त्यांच्या नजरेत भरली. डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर काही रेसर साखरेचं पाणी फवारतात. ते वाळलं की जमीन चिकट होते. काकांनी दोन किलो साखर मागितली आणि लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच काकूंनी त्यांच्या छंदात रस घेतला.

"पाक एकतारी करा. दोनतारी झाला तर साखर धरेल."

"धरायलाच हवीय."

"खडे होतील, अहो. द्या इकडे."

शनिवारी रात्री पार्किंगला पाकाचा हात फिरला. रविवारी उजाडता मुंग्यांची मिरवणूक निघाली. सेक्रेटरी दूध आणायला गेले आणि एका पायात चप्पल घालून परतले. दुसरी फरशीला जी बसली, ती ओढून निघेना. काका तिच्याकडे डोळे भरून पाहत राहिले. एवढी ग्रिप त्यांना स्वप्नातही दिसली नव्हती.

दहा वाजता पोरं गाड्या घेऊन आली. काकांनी दुपट्यातून टायर काढले, चढवले, रिमोट हातात घेतला. गाडी सुटली, सरळ रेषेत तीरासारखी गेली, पहिल्या वळणावर तिनं अंग टाकलं आणि तीन कोलांट्या खाऊन चाकं वर करून पडली. सगळे गप्प. फक्त वरची चाकं फिरत होती.

"घसरली नाही!" काका ओरडले. "बघितलंत? टायर तसूभर घसरला नाही, म्हणून गाडी उलटली! ग्रिप जास्त झाली, जास्त!" अतिहुशारीमुळे वर्गाबाहेर काढलेल्या मुलाच्या बापाचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर होता.

त्या संध्याकाळी जिन्यात बामाचा वास आला नाही. मी वर गेलो तर काका टायरच्या कडांना फेविक्विकची बारीक रेघ ओढत होते. कड टणक झाली की वळणावर फरशीला चावत नाही आणि गाडी उलटत नाही.

"म्हणजे सहा महिने ग्रिप वाढवली आणि आता कमी करताय?"

"कमी नाही रे. बेताची," रेघेवरची नजर न काढता ते म्हणाले. "यालाही सहा महिने लागतील." चेहऱ्यावर नवी नोकरी लागल्याचं समाधान होतं.

सेक्रेटरींची चप्पल अजून पार्किंगमध्येच आहे. ती सोडवायला बादलीभर गरम पाणी ओतावं लागेल आणि नळाला पाणी येणार गुरुवारी. तोवर पोरांनी तिला दुसरं वळण धरलंय.