रात्री तीनचा विनोद

कोल्हापूरहून दुपारी सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोचते. एवढ्या वेळात माणूस लंडनला जाऊन, तिथली थंडी मानवत नाही म्हणून परतीचं तिकीटही काढू शकतो. ही गाडी मात्र राज्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही. आम्ही पुण्याला बसलो तेव्हा डब्यातली मंडळी सांगलीकडच्या ठसक्यात भांडत होती. सकाळी भुसावळला भांडणाचा सूर बदलला, शेगाव गेल्यावर भांडणात कचोरी आली आणि नागपूरला तर भांडणारेच उतरून गेले.

सोबत भाचा होता. तो स्टँड-अप कॉमेडी करतो. म्हणजे दिवसा एका कंपनीत नोकरी करतो आणि संध्याकाळी कॅफेत उभा राहून त्याच नोकरीची गाऱ्हाणी गातो. या दुसऱ्या कामाचे पैसे अजून मिळत नाहीत. तेही गाऱ्हाणं त्याने कार्यक्रमात घेतलं आहे. आमची ताई नातेवाइकांना तो 'आयटीत आहे' एवढंच सांगते. त्याच्या धंद्याचे नियम कडक. ओपन माइकला पाच मिनिटं मिळतात. चौथं मिनिट संपलं की मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा दाखवतं आणि दिवा दिसला की आवरतं घ्यायचं. या पाच मिनिटांसाठी तो वर्षभर रात्रीचा जागतो. झाडीपट्टीतले विनोदी नट रात्रभर लोकांना जागवतात, असं मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मामा, रात्रभर म्हणजे नक्की किती मिनिटं?"

म्हणून हा प्रवास.

नागपूरनंतर समोर एक काका येऊन बसले. भाच्याने गाव विचारलं. "गोरेगाव," ते म्हणाले.

"ईस्ट की वेस्ट?"

"तालुका." काका जराही हसले नाहीत. "गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडून पाहाल तं तुमचं गोरेगाव वेस्ट हाये. लयच वेस्ट." भाच्याने वही काढून लिहून घेतलं. काकांनी तेवढ्यात त्याच्या वहीवर शेंगांची टरफलं ठेवली.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. भातगिरण्यांचं, तेंदूपत्त्याचं आणि विडीचं गाव म्हणून शहराची जुनी ओळख आहे. आम्हाला जायचं होतं अर्जुनीला, आणि गोंदियाला उतरल्यावर कळलं की जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. "कोनती अर्जुनी?" या प्रश्नाला "नाटकाची" असं उत्तर दिलं, तर स्टेशनवरचा चहावाला म्हणाला, "या दिवसांत दोनीकडं नाटक हाये जी." शेवटी बल्लारशाच्या गाडीत बसलो, कारण अर्जुनी मोरगावला रेल्वे जाते. सडक अर्जुनी नावाप्रमाणेच सडकेवर आहे. नावात इतका प्रामाणिकपणा पुणेकराला सवयीचा नाही.

सौंदड मागे पडलं. धान कापलेली शेतं, बांधांवर उभी झाडं आणि थोड्या थोड्या अंतराने तळी. ही मालगुजारीच्या काळातली. माजी मालगुजारी म्हणून सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी ती 'मामा तलाव' झाली. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या नावाने इथे इतकं पाणी आहे आणि तुम्ही पुण्यात टँकर मागवता." गाडीत हा विनोद कोणालाच कळला नाही. त्याने वहीत त्यापुढे फुली मारली.

झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तिथे दंडारी, खडी गंमत असे लोककलांचे खेळ आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत आणि पुढेही थोडा चालतो. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं याच रेल्वेवर पुढे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आहे. तिथे हंगामात मंडळ्यांच्या कचेऱ्या थाटतात, गावोगावची माणसं येतात, पाट्या आणि पोस्टरं न्याहाळतात, नट-नट्यांची नावं विचारतात आणि भाव करून नाटक ठरवतात. विनोदी नट कोण, हा प्रश्न नायकाच्या आधी येतो.

आम्ही पोचलो त्या गावात शंकरपट होता, म्हणजे बैलांच्या शर्यती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा पटाबरोबर नाटकांनाही झळ बसली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा वैध ठरवला. बैल आणि नट यांचा संबंध काय, असं भाच्याने एका आजोबांना विचारलं. आजोबांनी सोपं करून सांगितलं. पट पाहायला घरोघर पाहुणे येतात. जावई येतात, व्याही येतात, व्याह्यांचे जावई येतात. "येवढ्यायले झोपवाचं कोटी? गाद्या कोनापाशी हायेत? त्यापेक्षा रातभर जागं ठेवलेलं बरं." एका वाक्यात त्यांनी एका रंगभूमीचं अर्थशास्त्र सांगून टाकलं.

मंडपाच्या दाराशी तिकीट होतं. पुढे खुर्च्या, मागे जमीन. खुर्चीवाले आणि जमीनवाले दोघांनीही घरून गोधड्या आणल्या होत्या. थंडी अशी होती की खुर्चीचा मान मिळवण्यापेक्षा जमिनीवर चौघांच्या मधे बसण्यात शहाणपण होतं.

विनोदी नट शाळेच्या वर्गात रंगायला बसले होते. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच होता. साठीच्या आसपासचे गृहस्थ, अर्ध्या चेहऱ्याला रंग, अर्धा चेहरा अजून खाजगी. पाहतो तर काय, दुपारी पानटपरीवर आमच्याशेजारी बसून कोणाची म्हैस कोणाच्या वांग्यांत शिरली याची चौकशी करणारे ते हेच! भाच्याने ओळख करून दिली, "मीपण लोकांना हसवतो."

"वा! किती वेर?"

"पूर्ण शो असला तर एक तास."

त्यांनी आरसा खाली ठेवला. मनापासून काळजी वाटून विचारलं, "मंग उरलेली रात लोकं का करतात जी?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. तोही कधी तो तास संपल्यावर थांबला नव्हता.

मग बोलणं निघालं परशुराम खुणे यांचं. गडचिरोली जिल्ह्यातले हे ज्येष्ठ नट 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणून ओळखले जातात. आठशे भूमिका, पाच हजारांवर प्रयोग आणि २०२३ मध्ये पद्मश्री. भाच्याने मोबाइलवर हिशेब मांडला. पाच हजार रात्री, रात्रीचे सात तास, तासाला पाच-पाच मिनिटांचे बारा ओपन माइक. चार लाख वीस हजार. नट काही सातही तास मंचावर नसतो, हे मी त्याला सांगितलं; पण तोवर त्याला घाम फुटला होता.

पुढचा अर्धा तास मात्र भाचा वहीतून मान वर काढेना. कारण समोर शाळा भरली होती.

"दहा वाजता कोनीबी हासते," ते भिवई काळी करता करता सांगत होते. "पोट भरलं असते, नवीन लुगडं नेसली असते. त्या टाइमाले हासवलं तं का हासवलं? बारापरेंत गोष्ट सांगाची, लोकं आयकतात. दीड वाजता लेकरं झोपतात, तवा मोठ्या मानसायच्या गोष्टी. पन तीन वाजले का शब्द चालत नाई बाबू. तीनले पडा लागते."

"पडा लागते?"

"धाडकन. खाटेवरून, सासऱ्याच्या अंगावर, कोटीबी. मानूस अर्धा झोपेत रायला तरी पडलेला मानूस त्याले समजते. अन् साडेचारले रडवाचं. रडून घरी गेला म्हंजे पैसे वसूल."

दुपारच्या टपरीचं रहस्यही कळलं. गावात आलं की आधी माणसं गोळा करायची. सरपंचाचं नाव घ्यायचं, पण मग विरोधी पार्टीचंही तितकंच घ्यायचं. एकाला एक टोला जास्त बसला तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही. पोलीस पाटलाचं नाव घेतलं तर त्याला आवडतं. मास्तरांचं घेतलं तर पोरांना आवडतं. जावयाचं घेतलं तर सगळ्यांना आवडतं. आणि कोणाचं घ्यायचं नाही, यालाही यादी आहे. ज्याच्या घरी वर्षभरात माणूस गेलं त्याचं नाही, ज्याचं धान यंदा बुडालं त्याचं नाही, आणि जो गडी उलटून बोलू शकत नाही त्याचं कधीच नाही. पुण्यात अशी यादी करायला चर्चासत्रं होतात, शेवटी चहा असतो. इथे ती भिवई रंगवता रंगवता पाठ होती.

मग ते म्हणाले, "तुमची एक सांगा ना."

भाच्याने आपली हुकमी गोष्ट सांगितली. त्याचा घरमालक रात्री दहानंतर पाहुणा येऊ देत नाही. एकदा त्याची आई मुक्कामाला आली. मालक म्हणाला, ही कोण? आई. पुरावा? आधार कार्ड दाखवलं. मालकाने कार्ड पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "फोटो जुळत नाही." पुण्यात यावर टाळ्या येतात. इथे ते फक्त "हं" म्हणाले आणि दुसरी भिवई काढायला लागले. भाच्याने मला डोळ्यांनी खूण केली: चला, बाहेर जाऊ.

नाटक सुरू झालं. वरून टांगलेले माइक, विंगेत बसलेला प्रॉम्प्टर, ऑर्गन आणि तबला. नट बोलता बोलता बरोबर माइकच्या खाली येतो, वाक्य संपलं की बाजूला होतो. दुसरा त्या जागी येतो. एका गरीब भावाची आणि श्रीमंत सुनेची दर्दभरी कहाणी चालली होती. तिच्यात मध्येमध्ये आमचे गृहस्थ घरगडी म्हणून शिरत आणि कहाणी थांबे. पहिल्याच प्रवेशात त्यांनी म्हशीची बातमी सुनेला दिली. मंडपाचा डावा भाग हसला, कारण वांगी त्यांची. उजवा भाग दुप्पट हसला, कारण म्हैस त्यांची. सरपंचांना एक टोला बसला. मागाहून विरोधकांना एक, बरोबर तेवढ्याच मापाचा. सोन्याच्या पेढीवर असा काटा मिळत नाही.

दीडनंतर पोरं आडवी झाली. अडीचला माझ्या शेजारचे पाहुणे माझ्या खांद्यावर आले. घड्याळात तीन वाजायला आले आणि घरगडी पुन्हा मंचावर आला, दारू प्यायल्याच्या चालीने, हातात रेशनची पिशवी. आल्या आल्या खाटेवरून पडला. अर्धा मंडप जागा झाला. उठून बसला आणि सांगू लागला की राशनच्या दुकानात दिवसभर उभा होता, पण मशीन अंगठा घेत नाही. धानाचा रोवणा करू करू अंगठ्याच्या रेघाच गेल्या. दुकानदार म्हणतो, तू तो नाहीस. धान्य नाही मिळालं, म्हणून त्याच दुःखात थोडी घेतली. घरी आला, दार वाजवलं.

आतून बायकोचा आवाज, "कोन हाये?"

"मी, तुजा नवरा!"

"अंगठा लाव."

आधी बायका हसल्या. मग पुरुष हसले, आणि हसता हसता आपापले अंगठे बघू लागले. माझ्या खांद्यावरचे पाहुणे दचकून उठले, काय झालं ते न कळताही हसले. घरगड्याने दाराला अंगठा लावला, दार उघडलं नाही, मग पायाचा अंगठा लावायला गेला आणि पुन्हा पडला. तेव्हा झोपलेली पोरंही उठली.

भाचा उभाच राहिला. "मामा, ही माझी गोष्ट आहे!"

"तुझा घरमालक कुठे आहे तिच्यात?"

"नाहीये. पण सांगाडा माझा आहे!"

बोलता बोलता तोही हसत होता, त्यामुळे तक्रारीला जोर चढेना. मी त्याला खाली बसवलं. मागच्या गोधडीतून "खाली बसा ना जी" असा हुकूमही आला होता.

साडेचारला ठरल्याप्रमाणे सगळे रडले. गरीब भाऊ गेला, श्रीमंत सून पस्तावली, गाव उठून घरी गेलं. रंग पुसलेले आमचे गृहस्थ पुढच्या गावच्या गाडीत चढत होते. आज रात्री तिकडे, उद्या आणखी कुठे, झोप गाडीत. भाच्याने त्यांना गाठलं. त्यांनी आपण होऊन विषय काढला, "तुमची गोष्ट घेतली बाबू. चांगली होती. पन फोटो जुरत नाई म्हंजे हासाची गोष्ट. अंगठा जुरत नाई म्हंजे पोटाची. तीन वाजता पोटाचीच चालते." त्यांनी त्याच्या हातात एक विडी ठेवली. भाचा विडी ओढत नाही, पण मानधन म्हणून त्याने ती वहीत जपून ठेवली. या धंद्यात ही त्याची पहिली कमाई.

गाडीला वेळ होता म्हणून टपरीवर चहा घेतला. आलूबोंडे तळणं चालू होतं. बाकावर एक शेतकरी बसला होता. शेजारच्याला तो हातवारे करून सांगत होता, की माणूस दारू पिऊन आला, दार वाजवलं, अन् बायको म्हणते, अंगठा लाव!

भाच्याला राहवलं नाही. "दादा, ती नाटकातली गोष्ट आहे. खरी नाही."

शेतकऱ्याने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "नाटकात आत्ता आली. आमच्या साळभावाच्या घरी मागल्या पोळ्यालेच झाली. मी सोता तेती होतो. दार त्यानं मालेच उघडाले लावलं."

"मग? उघडलं?"

"आधी माजाबी अंगठा लावला," शेतकरी म्हणाला आणि त्याने आणखी एक आलूबोंडा मागवला.