बी.ए. : वर्षे तीन (किंवा चार, किंवा एकच)

बी.ए. ही महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी पदवी आहे. ती घेण्याचे वय साधारण अठरा ते एकवीस. घेण्याचे कारण विचारण्याची पद्धत नाही. बारावीला कला शाखाच असलेले, सायन्स न झेपलेले, भरतीच्या अर्जात ‘पदवीधर’ या रकान्यापुढे टिकमार्क करायचा म्हणून आलेले आणि स्थळ पक्के होईपर्यंत शिकू दे, असे घरच्यांनी ठरवलेल्या मुली, असे तिच्या विद्यार्थ्यांचे चार मुख्य वर्ग पडतात. इतिहास किंवा मराठी आवडते म्हणून आलेला पाचवा वर्गही आहे. तो लहान असल्याने अभ्यासक्रम ठरवताना त्याची दखल घेतली जात नाही.

या पदवीचा उगम १८५७ सालचा. त्या वर्षी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे निघाली. लंडनचे विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे, परीक्षा घेत असे. हा गुण इकडे जसाच्या तसा उतरला आणि पुढे टिकला. मुंबईची पहिली बी.ए. तुकडी १८६२ साली बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांना भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र यांबरोबर गणित आणि पदार्थविज्ञानही करावे लागले. आज ज्याला ‘बहुविद्याशाखीय’ म्हणतात ते तेव्हा आपसूकच होते. त्यासाठी धोरण लागले नाही. काही वर्षांतच मराठी मात्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडली. ती परत यावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. मराठी मुलांच्या पदवीत मराठी असावी की नाही, या प्रश्नावर मराठी माणसांच्या समित्या नेमण्याची परंपरा तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

पुढची उदाहरणे कोल्हापूर परिसरातली आहेत, म्हणून थोडे तिथले. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. ना. सी. फडके यांनी तिथे तत्त्वज्ञान शिकवले, माधव जूलियन यांनीही अध्यापन केले. विद्यार्थी तासाला बसत, कारण वर्गात कोण उभे आहे हे पाहण्यासारखे असे. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. म्हणजे कोल्हापूर परिसरात या पदवीची सुरुवात तरी चांगल्या घरातून झाली आहे.

सध्याचा अभ्यासक्रम २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला. महाराष्ट्रात स्वायत्त संस्थांनी तो २०२३ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांनी २०२४ पासून अमलात आणला. या धोरणात तक्षशिला आणि नालंदा यांची आठवण काढली आहे आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला दिला आहे. त्या कलांत गायन, चित्रकला, गणित, सुतारकाम, वस्त्रे तयार करणे असे सगळेच होते, असे धोरण सांगते. बाणभट्टाने त्या कलांचे तास मोजले नव्हते. ते काम आता झाले आहे. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, एका सत्राला बावीस क्रेडिट आणि तीन वर्षांना १३२. हिशेब करता एका सत्राचे ३३० तास होतात. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालतात, मग गणपती, नवरात्र, युवा महोत्सव, दिवाळी आणि परीक्षा. ३३० तास या सगळ्यात कुठे मावतात हा गणिताचा प्रश्न असून गणित आता दुसऱ्या विद्याशाखेत आहे.

अभ्यासक्रमाचे घटक पुढीलप्रमाणे. मेजर म्हणजे ज्या विषयात पदवी मिळते तो. मायनर म्हणजे ज्यात ती मिळत नाही तो. त्यानंतर ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, एफपी, सीईपी, ओजेटी. ही नावे पाठ होईपर्यंत पहिले सत्र संपते, आणि नव्या धोरणाचा पहिला हेतू, म्हणजे विद्यार्थ्याची आकलनक्षमता वाढवणे, इथेच साध्य होतो.

यातील ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा घटक स्वातंत्र्याचा आहे. मेजर ज्या विद्याशाखेतले असेल तिच्या बाहेरचा कोणताही विषय विद्यार्थ्याने आवडीने निवडावा, असा नियम आहे. शहरातल्या मोठ्या कॉलेजात त्याचे पालनही होते. ज्या कॉलेजात एकच शाखा आहे तिथे आवड कशी असावी हे वेळापत्रक ठरवते. कॉमर्सचे एक सर आठवड्यातून दोन दिवस येत असतील, तर त्या गावच्या साऱ्या मुलांना बँकिंगची आवड निर्माण होते. सरांची बदली झाली की आवडही बदलते.

व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण. याआधी पदवीत आलेले बरेच पाहुणे इथे एकत्र राहतात. पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालामुळे आला आणि २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान धरल्यावर खरोखर सुरू झाला. लोकशाही, निवडणूक आणि सुशासन हा विषयही काही वर्षांपूर्वी दाखल झाला. देशात एखादी गोष्ट हाताबाहेर जाऊ लागली की तिचा दोन क्रेडिटचा पेपर करायचा, हा या घटकाचा सर्वसाधारण नियम होय. नद्या स्वच्छ करणे खर्चाचे असते. प्रश्नपत्रिका काढणे त्या मानाने स्वस्त पडते. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. तीही दोन क्रेडिटची, म्हणजे तीस तासांची. वेदांग, आयुर्वेद, स्थापत्य, गणित आणि पाणी व्यवस्थापन तीस तासांत उरकता येते, एवढे हे ज्ञान आटोपशीर होते हे याआधी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

सीसी, म्हणजे अभ्यासपूरक उपक्रम, या घटकाबद्दल मात्र तक्रार करू नये. कबड्डी, एनसीसी, एनएसएस, योग, लोकनृत्य यांना आता क्रेडिट मिळते. सकाळी मैदानावर आणि दुपारी हजेरीच्या यादीत ‘गैरहजर’ अशा मुलांवरचा जुना अन्याय यामुळे कमी झाला.

एफपी, म्हणजे क्षेत्रीय प्रकल्प, हा या अभ्यासक्रमाचा खरोखर मोलाचा भाग, आणि करवीर तालुक्यातले गडमुडशिंगी त्यासाठी फार सोयीचे गाव आहे. कोल्हापूरच्या विमानतळाच्या विस्तारासाठी गावची जमीन गेली. भूमिसंपादन, मोबदला आणि शेतीवरून उठलेली कुटुंबे हा समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा विषय दारातच आहे. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या जवळ आहेत. गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना गावातच आहे. सहकारावर दहा पानी निबंध लिहिणाऱ्या मुलाच्या घरची म्हैस तिथली पेंड खाते. शेजारी वळिवडे. तिथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हाकललेली माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे इथे पोहोचली. छावणीत सुमारे पाच हजार जण राहत होते. त्यांच्या शाळा आणि चर्च होते. ते गेल्यावर फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित त्याच जागी आले आणि गांधीनगर उभे राहिले. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. दुसरे महायुद्ध, फाळणी, स्थलांतर आणि व्यापार या चारही प्रकरणांसाठी सायकल पुरते.

प्रत्यक्षात गडमुडशिंगीचा विद्यार्थी के.एम.टी.च्या बसने कोल्हापूरला जातो, दुसऱ्या महायुद्धाची कारणे गाइडमधून पाठ करतो आणि त्याच बसने परत येतो. छावणीवर प्रकल्प करतो असे त्याने म्हटले तर त्याला सांगितले जाते की विषय चांगला आहे, पण संदर्भ कुठून आणणार? मग तो ‘सोशल मीडियाचे तरुणांवरील परिणाम’ घेतो. या विषयाचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, फक्त पहिले पान बदलावे लागते. दुकानदाराला यासाठी क्रेडिट मिळत नाही. वास्तविक तो या अभ्यासक्रमातला सर्वांत नियमित अध्यापक आहे.

बाकीच्या अध्यापकांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर असतात. तास घेतला तर पैसे, सुट्टीला नाही. नेट किंवा सेट झालेली, काही पीएच.डी. असलेली ही माणसे दिवसातून दोन कॉलेजे गाठतात आणि विद्यार्थ्यांना ‘रोजगारक्षम कौशल्ये’ शिकवतात. त्यांच्या स्वतःच्या रोजगाराचा प्रश्न मूल्यशिक्षणात येतो की ज्ञानप्रणालीत, हे अजून ठरलेले नाही. प्रत्येक पेपरला ‘निष्पत्ती’ लिहावी लागते, ती तेच लिहितात. कविता शिकल्यावर विद्यार्थी काय करू शकेल, हे मोजता येईल अशा क्रियापदात द्यायचे असते. ‘कविता आवडेल’ असे लिहिल्यास तक्ता परत येतो.

सर्वांत नवी सोय म्हणजे बाहेर पडण्याची. एक वर्ष करून थोडे जादा कौशल्य क्रेडिट भरले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मधल्या काळात मिळवलेली क्रेडिट बँकेत जमा राहतात. ही बँक कर्ज देत नाही, हा तिचा विशेष. याआधी घरची अडचण, बापाचे आजारपण किंवा लग्न यामुळे पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्या मुलीची नोंद ‘गळती’ या रकान्यात होत असे. आता तिची नोंद ‘सर्टिफिकेट’ या रकान्यात होते. गळती थांबवण्याचा याहून कमी खर्चाचा उपाय जगात कुठे झाल्याचे ऐकिवात नाही. चौथे वर्ष पूर्ण करून ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम.ए. न करता थेट पीएच.डी.कडे जाता येते. अर्थात त्यासाठी चौथे वर्ष चालवणारे कॉलेज आणि मार्गदर्शक लागतो, आणि बसचा पासही.

पदवीनंतरचे मार्ग ठरलेले आहेत: पोलीस भरती, एमपीएससीची अभ्यासिका, बी.एड., गांधीनगरच्या पेढीवर हिशेबनीस, एमआयडीसीत सुपरवायझर. शेवटच्या दोन ठिकाणी क्रेडिट कोणी विचारत नाही.

प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्यांनी एक गोष्ट करावी. माहितीपत्रकातली विषयांची यादी वाचून झाली की ऑफिसात जाऊन, यातल्या किती विषयांना कायम शिक्षक आहे, एवढे विचारावे. उत्तर तोंडी मिळते. लेखी मागू नये.