पाचापैकी साडेचार

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे मूट कोर्टाचा, पेपर असतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत हिशेब चोख आहे: तीन मूट, प्रत्येकी १० गुण; त्यांतले ५ लेखी मांडणीला, ५ तोंडी युक्तिवादाला. कायद्याचे संशोधन या लेखी ५ मध्येच कुठेतरी दडलेले असावे, असा सद्भावनापूर्ण समज आहे.

प्रत्यक्षात वाटणी अशी होते. पहिला गुण सोनेरी अक्षरांच्या कव्हराला. दुसरा स्पायरल बाइंडिंगला. तिसरा फाइल मुदतीत टेबलावर आदळल्याबद्दल. चौथा केशवानंद भारती या राज्यघटनेवरच्या निवाड्याला. वाद भाडेकरूचा असो की पोटगीचा, हा निवाडा हवाच. ‘एआयआर १९७३ सुप्रीम कोर्ट १४६१’ हे सगळ्यांना तोंडपाठ. त्या पानापुढे काय लिहिले आहे, हे परीक्षक विचारत नाहीत. पोराने उलट विचारले तर पंचाईत! पाचवा गुण मात्र अस्सल संशोधनाचा: गेल्या वर्षीची फाइल कोणाकडे आहे, हे शोधून काढणे. त्यात अर्धा कापतात, कारण आतल्या पानावर मूळ मालकाचा हजेरी क्रमांक तसाच राहतो.

२०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी दिलेच न गेलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले. न्यायाधीशांनी निवाडे शोधून पाहिले आणि ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. बिचारे चुकीच्या ठिकाणी गेले. आमच्याकडे बाइंडिंग नीट असते, तर साडेचार कुठे गेले नव्हते.